चौकट क्रमांक ३३

कराडहून पुण्याला आले तेव्हा हातात बी.एस्सी.ची पदवी होती, आणि नोकरी मिळाली ती रात्रपाळीची. संध्याकाळी पाचला कॅब, साडेसहाला लॉगइन, पहाटे साडेतीनला सुटका. मी नेमकं काय काम करते हे आईला बरीच वर्षं कुणाला सांगता यायचं नाही. ‘अमेरिकेतल्या दवाखान्यांची बिलं करते,’ एवढंच ती शेजारपाजारी सांगायची. आणि ते खरंच होतं. तिकडच्या डॉक्टरने रुग्ण तपासला की त्याचे कागद रात्रीतून आमच्याकडे यायचे. आम्ही त्यांना कोड लावायचे, विमा कंपनीकडे क्लेम पाठवायचा, पैसे अडले की फोन करून का अडले ते विचारायचं. आमच्या भाषेत याला एआर कॉलिंग म्हणतात.

डॉक्टरांच्या क्लेमचा एक छापील नमुना असतो, सीएमएस-१५०० नावाचा. त्यात ३३ चौकटी आहेत. कुठल्या चौकटीत रुग्णाचं नाव, कुठे आजार, कुठे उपचार, हे पहिल्या आठवड्यात पाठ करून घेतात. चौकट ३२ मध्ये उपचार कुठे झाले ते लिहायचं, म्हणजे रुग्णालयाचं नाव. चौकट ३३ मध्ये पैसे कुणाला द्यायचे ते. मला इमर्जन्सी विभागाचं काम मिळालं आणि तिथे या शेजारशेजारच्या दोन चौकटींत कधीच एक नाव दिसेना. ३२ मध्ये एखाद्या गावाचं ओळखीचं रुग्णालय. ३३ मध्ये भलत्याच राज्यातल्या टपालपेटीचा पत्ता आणि कधी न ऐकलेली कुठली तरी कंपनी. मी ट्रेनरला विचारलं, तर तो म्हणाला, ‘डॉक्टर रुग्णालयाचा नसतो. कंपनीचा असतो.’

मधले आठ महिने मला रुग्णांचे फोन घेणाऱ्या डेस्कवर बसवलं होतं. तिथला एक फोन अजून कानात आहे. पलीकडे एक वयस्कर बाई होत्या. छातीत दुखलं म्हणून त्या इमर्जन्सीत गेल्या होत्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, गोंधळल्या होत्या. ‘माझ्या विम्याच्या यादीत जे रुग्णालय आहे, तिथेच मी गेले. मुलाने यादी बघूनच गाडी तिकडे वळवली. मग हे दुसरं बिल कुणाचं?’ समोरच्या स्क्रिप्टमध्ये वाक्य होतं की हा निर्णय आपल्या विमा योजनेचा आहे, कृपया त्यांच्याशी बोला. मी ते वाचून दाखवलं. खरं उत्तर चौकट ३३ मध्ये होतं आणि ते सांगायची मला परवानगी नव्हती. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

आपल्याकडे कॅशलेसची यादी असते. रुग्णालय यादीत असेल तर विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या टीपीएकडून मंजुरी येते. आतला डॉक्टर यादीत आहे का, हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण त्याची फी त्याच बिलात एका ओळीत येते. अमेरिकेत बिलं दोन निघतात. रुग्णालयाचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं. रुग्णालयाचा विमा कंपनीशी दरांचा करार असतो आणि डॉक्टरचाही स्वतंत्र करार असावा लागतो. तो नसेल तर डॉक्टर यादीबाहेरचा, म्हणजे आउट-ऑफ-नेटवर्क. उदाहरणादाखल समजा, त्याने १४०० डॉलरचं बिल लावलं आणि विमा कंपनीने ४०० रास्त धरले, तर उरलेले १००० रुग्णाच्या घरी टपालाने यायचे. भुलीच्या डॉक्टरचं तसंच, रेडिऑलॉजिस्टचंही तसंच. सगळ्यात जास्त मात्र इमर्जन्सीच्या डॉक्टरचं. याला तिकडे ‘सरप्राइज बिल’ असं नाव पडलं.

या धंद्यातल्या सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक कशी वाढली आणि कशी कोसळली, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. तिचं काम आमच्या ऑफिसकडे नव्हतं. पण आम्ही रोज जे करत होतो त्याचं पूर्ण चित्र मला तिच्या गोष्टीत दिसलं.

तिची सुरुवात एका खऱ्या गरजेतून झाली. साठ वर्षांपूर्वीपर्यंत अमेरिकेतल्या इमर्जन्सी खोलीत पाळीपाळीने कुणीही बसायचं, कधी शिकाऊ डॉक्टर, कधी त्वचारोगतज्ज्ञसुद्धा. १९६१ मध्ये व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रिया गावात काही डॉक्टरांनी आपापली प्रॅक्टिस सोडून चोवीस तास फक्त इमर्जन्सी सांभाळायचा प्रयोग केला. तो गाजला. इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळायला मात्र १९७९ उजाडलं. रुग्णालयाच्या बाजूने हिशेब करून बघा. आठवड्याचे तास १६८. एक डॉक्टर आठवड्याला ३६ तास काम करतो असं धरलं, तरी एका खुर्चीसाठी साडेचारहून जास्त डॉक्टर लागतात. त्यात रजा, आजारपण, दिवाळीसारखा तिकडचा नाताळ. लहान गावातल्या रुग्णालयाला ही माणसं मिळवणं आणि टिकवणं जड जातं. ‘खुर्ची रिकामी राहणार नाही, आमच्यावर सोडा,’ असं म्हणणारं कुणी भेटलं तर व्यवस्थापक हायसं वाटून सही करणारच. त्यात माझ्या मते चुकीचं काही नाही.

एमकेअर ही कंपनी १९७२ मध्ये टेक्सासमधल्या डॅलसला उभी राहिली, ती अशीच डॉक्टर पुरवण्यासाठी. पुढे तिचे मालक बदलत गेले. १९९७ मध्ये लेडलॉ या कॅनेडियन वाहतूक कंपनीने ती घेतली. स्कूलबस चालवणाऱ्या त्या कंपनीकडे अमेरिकन मेडिकल रिस्पॉन्स, म्हणजे एएमआर, ही रुग्णवाहिकांची मोठी कंपनीही आली. २००५ मध्ये या दोन्ही ओनेक्स या गुंतवणूक कंपनीकडे गेल्या. २०११ मध्ये क्लेटन, डुबिलिअर अँड राइसने त्या ३२० कोटी डॉलरना घेतल्या. २०१३ मध्ये या एकत्रित कंपनीचं नाव बदलून एन्व्हिजन हेल्थकेअर झालं आणि शेअर बाजारात नोंदणी झाली; डॉक्टर पुरवणारा विभाग मात्र एमकेअर याच नावाने राहिला. २०१६ च्या डिसेंबरात ॲमसर्ग ही शस्त्रक्रिया केंद्रांची कंपनी तिच्यात विलीन झाली. दर खेपेला कंपनी आधीपेक्षा मोठी झाली आणि तिच्या डोक्यावर कुणाच्या तरी परताव्याची अपेक्षा चढत गेली.

मग जुलै २०१७ मध्ये येल विद्यापीठाच्या झॅक कूपर, फिओना स्कॉट मॉर्टन आणि नेथन शेकिटा यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका मोठ्या विमा कंपनीचे लाखो क्लेम त्यांनी तपासले होते. एमकेअर एखाद्या रुग्णालयात शिरली की तिथल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या यादीबाहेरच्या बिलांचं प्रमाण ८० टक्केअंकांहून अधिक वाढतं, असं त्यांना आढळलं. म्हणजे कालपर्यंत जिथे असं बिल क्वचित यायचं, तिथे आज जवळपास प्रत्येकाला. टीमहेल्थ या दुसऱ्या बड्या कंपनीच्या बाबतीत ही वाढ ३३ अंकांची होती आणि काही महिन्यांनी ती ओसरायची, कारण तोवर ती कंपनी वाढीव दराने विमा कंपनीशी करार करून यादीत यायची. यादीबाहेर राहणं हा तिच्यासाठी वाटाघाटीतला दबाव होता. एन्व्हिजनने हा अभ्यास सदोष असल्याचं म्हटलं. पण त्यानंतर आपले डॉक्टर यादीत आणण्याचं आश्वासनही दिलं आणि त्या दिशेने करारही केले.

त्या अभ्यासात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो त्यामागचा साधा तर्क. एखादा सर्जन यादीबाहेर गेला तर रुग्ण दुसरीकडे जातील, म्हणून तो वाढीव दर मागताना दहा वेळा विचार करेल. इमर्जन्सीत रुग्ण डॉक्टर निवडतच नाही. तो रुग्णवाहिकेतून येतो, बेशुद्ध असतो, नाहीतर छाती धरून बसलेला असतो. शिवाय १९८६ च्या कायद्याने इमर्जन्सीत आलेल्या कुणालाही तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही, त्यामुळे आत येणारी रांगही थांबत नाही. यादीबाहेर राहूनही एक रुग्ण कमी होत नाही. फोनवरच्या त्या बाईंचं काहीही चुकलं नव्हतं. बिल त्यांच्याकडे आलं, कारण निवड करणं त्यांच्या हातातच नव्हतं.

त्याच आठवड्यात न्यूयॉर्क टाइम्सने वॉशिंग्टन राज्यातल्या न्यूपोर्ट या छोट्या गावच्या रुग्णालयाची गोष्ट छापली. ती वाचताना मी कोडर म्हणून खुर्चीत सरसावून बसले. इमर्जन्सीच्या भेटीला पाच पायऱ्यांचे कोड असतात, ९९२८१ ते ९९२८५. मुरगळलेला पाय दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर बसतो. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांच्यासारखं काही असेल तर पाचवी पायरी. किती तपासलं, किती शक्यता डोक्यात घ्याव्या लागल्या, धोका किती होता, यावरून पायरी ठरते. एकेक पायरी चढली की पैसे वाढतात, म्हणून ऑडिटरचं लक्ष सतत पाचवीवर असतं. न्यूपोर्टला एमकेअर येण्याआधी सुमारे ६ टक्के भेटी पाचव्या पायरीच्या होत्या. ती आल्यावर ते प्रमाण जवळपास २८ टक्क्यांवर गेलं. एका गावातले लोक काही महिन्यांत इतके जास्त आजारी पडत नाहीत. आमच्याकडे एखाद्या कोडरच्या आकड्यात असा फरक दिसला असता तर त्याच रात्री त्याच्या फायली उघडल्या गेल्या असत्या.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात दुसरं प्रकरण मिटलं, आणि मला ते बिलांच्या प्रकरणापेक्षा गंभीर वाटतं. अमेरिकेच्या न्याय खात्याचा आरोप असा होता की २००८ ते २०१२ या काळात हेल्थ मॅनेजमेंट असोसिएट्स, म्हणजे एचएमए, या रुग्णालयांच्या साखळीने एमकेअरला पैशाचं आमिष दाखवलं. इमर्जन्सीत आलेल्या मेडिकेअरच्या, म्हणजे सरकारी विम्याच्या वयस्कर रुग्णांना भरती करा. ज्यांना नुसतं निरीक्षणाखाली ठेवून घरी पाठवता येईल त्यांनाही. डॉक्टरांना त्यासाठी बोनस होते आणि कंत्राट टिकणार की नाही हेही भरतीच्या आकड्यांवर अवलंबून होतं, असं सरकारचं म्हणणं होतं. एचएमएविरुद्धच्या प्रकरणात तर लक्ष्यांचे आकडेच नमूद आहेत. इमर्जन्सीत येणाऱ्या एकूण रुग्णांपैकी १५ ते २० टक्के आणि ६५ वर्षांवरच्यांपैकी ५० टक्के भरती झाले पाहिजेत. एमकेअरने जवळपास ३ कोटी डॉलर भरून तडजोड केली. तडजोडीत दोष कबूल केलेला नव्हता, आणि आरोप न्यायालयात सिद्ध झाले असं म्हणता येणार नाही. एचएमएने पुढच्या वर्षी, आणखीही आरोप मिळून, २६ कोटी डॉलरहून अधिक भरले.

ही प्रकरणं उघडकीला आली ती आतल्या माणसांमुळे. अमेरिकेत यादवी युद्धाच्या काळातला, १८६३ चा एक कायदा आहे. सरकारला कुणी खोटी बिलं लावत असेल तर कुठलाही नागरिक सरकारच्या वतीने दावा लावू शकतो आणि वसूल झालेल्या रकमेतला वाटा त्याला मिळतो. एमकेअरविरुद्ध गेलेल्यांत स्वतः इमर्जन्सीत काम करणारे डॉक्टर होते, कंपनीत काम केलेली माणसंही होती. नोकरी पणाला लावून त्यांनी वर्षानुवर्षं हे प्रकरण लावून धरलं. स्क्रिप्ट वाचून दाखवणाऱ्या मला त्यांच्याविषयी किती आदर वाटतो, ते शब्दांत सांगता येणार नाही.

एवढं होऊनही कंपनीची किंमत चढीच राहिली. २०१८ मध्ये केकेआर या न्यूयॉर्कच्या गुंतवणूक कंपनीने एन्व्हिजन ९९० कोटी डॉलरना घेतली, कर्ज धरून. अशा खरेदीत मोठा भाग उसन्या पैशाचा असतो आणि ते कर्ज विकत घेतलेल्या कंपनीच्याच माथ्यावर बसतं. म्हणजे डॉक्टरांनी रुग्ण तपासून जे कमवायचं त्यातून व्याज भागायचं. बिलं कमी करायला त्यात जागा उरत नव्हती.

राजधानी वॉशिंग्टनमध्ये मात्र सरप्राइज बिलांविरुद्ध वारं सुरू झालं होतं आणि दोन्ही पक्षांचे लोक त्यात होते. २०१९ च्या उन्हाळ्यात टीव्हीवर जाहिराती दिसू लागल्या. येऊ घातलेल्या कायद्याने सरकार डॉक्टरांचे दर ठरवेल, रुग्णालयं बंद पडतील, रुग्णवाहिका आली तरी आत डॉक्टर नसेल, असा त्यांचा सूर होता. खाली नाव ‘डॉक्टर पेशंट युनिटी’. २ कोटी ८० लाख डॉलरच्या वर खर्च झाल्यावर सप्टेंबरात उघड झालं की मुख्य पैसा टीमहेल्थ आणि एन्व्हिजन यांचा आहे. डॉक्टर आणि पेशंट यांच्या नावाने, त्यांना न विचारता. याची मला अजून चीड येते.

२०२० चा मार्च आला आणि हिशेब भलत्याच बाजूने उलटला. कोविडच्या भीतीने लोक इमर्जन्सीत जाईनात. त्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या इमर्जन्सी भेटी आदल्या वर्षीच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी घटल्या. ठरवून करायच्या शस्त्रक्रिया थांबल्या. आमच्या स्क्रीनवरही रोजच्या फायली एकदम आटल्या. घरून काम करताना शेजारच्या खोलीत मुलगी झोपलेली असायची आणि मी रिकाम्या रांगेकडे बघत बसायचे. साथीत आघाडीवर उभ्या असलेल्या डॉक्टरांचे पगार आणि बोनस तिकडे कापले गेले, एन्व्हिजनमध्येही.

कायदा शेवटी झालाच. २७ डिसेंबर २०२० रोजी ‘नो सरप्रायझेस ॲक्ट’वर सही झाली आणि १ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. इमर्जन्सीत डॉक्टर यादीतला असो वा बाहेरचा, रुग्णाने यादीतल्या दराइतकाच आपला वाटा द्यायचा. उरलेल्याचं भांडण डॉक्टरांची कंपनी आणि विमा कंपनी यांनी लवादापुढे मिटवायचं. दोघांनी आपापला एकेक आकडा द्यायचा आणि लवादाने त्यातला एकच उचलायचा, मधला मार्ग काढायचा नाही.

विमा कंपन्यांना या गोष्टीत निर्दोष ठरवायला मी तयार नाही. फोनवर तास-तास त्यांचं संगीत ऐकलेली मी बाई आहे. जानेवारी २०२१ मध्ये युनायटेड हेल्थकेअर या सगळ्यात मोठ्या विमा कंपनीने एन्व्हिजनला यादीतून बाहेर काढलं. आधीच्या वर्षांतले पैसे तिने कमी दिले होते, असं पुढे लवादाने ठरवलं आणि मे २०२३ मध्ये ९ कोटी १० लाख डॉलर द्यायला सांगितलं. दोन दांडग्यांच्या या भांडणात निकाल कुणाच्याही बाजूने लागो, तोवर रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या हाती काही नव्हतं.

दरम्यान आणखी एक दावा उभा राहिला होता, आणि तो थेट चौकट ३३ चाच होता. कॅलिफोर्नियासारख्या अनेक राज्यांत वैद्यकीय व्यवसायाची मालकी डॉक्टरांकडेच असली पाहिजे असा नियम आहे. व्यापारी कंपनीने वैद्यक चालवायचं नाही. मग कागदावर डॉक्टरांची एक छोटी संस्था असते, तिचा मालक एखादा डॉक्टर असतो, आणि ती संस्था सगळा कारभार व्यवस्थापन कंपनीकडे सोपवते. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकन अकॅडमी ऑफ इमर्जन्सी मेडिसिनच्या डॉक्टरगटाने एन्व्हिजनवर कॅलिफोर्नियात खटला भरला. लॉस एंजेलिसजवळच्या प्लासेन्शिया-लिंडा रुग्णालयाचं त्यांचं काम जाऊन एन्व्हिजनकडे गेलं होतं. त्यांचं म्हणणं असं की ही डॉक्टरमालकी नावापुरती आहे. कुणाला कामावर ठेवायचं, किती पगार, कुठले कोड, सगळं कंपनी ठरवते. खटला सुरुवातीलाच फेटाळावा, ही एन्व्हिजनची मागणी न्यायालयाने मे २०२२ मध्ये नाकारली. ट्रेनरने जे मला एका वाक्यात सांगितलं होतं, ते आता न्यायाधीशांसमोर होतं.

१५ मे २०२३ रोजी एन्व्हिजनने ह्यूस्टनच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. ७०० कोटींहून जास्त डॉलरचं कर्ज होतं. कोविड, वाढलेले पगार, नव्या कायद्याची अंमलबजावणी आणि विमा कंपन्यांनी रोखलेले पैसे अशी कारणं कंपनीने दिली. केकेआरचं भांडवल बुडालं. नोव्हेंबरात कंपनी त्यातून बाहेर आली ती दोन तुकडे होऊन, डॉक्टर पुरवणारी एन्व्हिजन वेगळी आणि ॲमसर्ग वेगळी, मालकी धनकोंकडे. त्याआधीच, जुलै २०२३ मध्ये, टेनेसीच्या अमेरिकन फिजिशियन पार्टनर्स या दुसऱ्या कंपनीने गाशा गुंडाळला. अनेक रुग्णालयांना काही दिवसांत नवी व्यवस्था शोधावी लागली. डॉक्टरांपुढे थकलेल्या पगाराबरोबर दुसरी चिंता होती. निष्काळजीपणाचा दावा कित्येक वर्षांनी लागू शकतो, आणि नोकरी संपल्यानंतरच्या काळाच्या विमासंरक्षणाचे पैसे कंपनी भरणार होती. कंपनीच उरली नाही तर ते पैसे कोण भरणार?

केकेआर आपल्यालाही परकी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिने हेल्थकेअर ग्लोबल या कर्करोग रुग्णालयांच्या साखळीतला मोठा हिस्सा घ्यायचा करार केला आणि त्या साखळीची रुग्णालयं नाशिकला, नागपूरला, मुंबईत आहेत. यात काही गैर आहे असं मी सुचवत नाही. गेल्या वर्षी वडिलांच्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी कराडला गेले तेव्हा मात्र काउंटरवर मी विचारलं, भुलीचे डॉक्टर इथलेच ना? बसलेली मुलगी हसली. ‘हो ताई, इथलेच. समोरच राहतात.’

आता मी कोडर नाही, ऑडिटर आहे. इमर्जन्सीच्या टीमकडचे यादीबाहेरचे वाद आता लवादाकडे जातात, रुग्णाला पत्र जात नाही. मागच्या वर्षी मला रुग्णवाहिकांच्या टीमवर पाठवलं. नो सरप्रायझेस कायद्यात हवाई रुग्णवाहिका आहे. रस्त्यावरून धावणारी नाही, ती वगळलेली आहे. एकेकाळी एमकेअरच्या जोडीला असलेली एएमआर एन्व्हिजनमधून आधीच वेगळी काढून २०१८ च्या मार्चमध्ये केकेआरला विकलेली होती, त्यामुळे दिवाळखोरीत ती नव्हती. आमच्या टीमकडे येणारी बिलं वेगवेगळ्या कंपन्यांची असतात. ए०४२७ हा तातडीच्या फेरीचा कोड, ए०४२५ हा मैलांचा. पहिल्या रात्री पहिली फाईल उघडली. एक बाई, छातीत दुखणं, सहा मैल, यादीबाहेर. रुग्णाला पत्र पाठवावं, असा शेरा होता.